शंभर अब्जांचा हिशेब कोणी लिहायचा?

ऑक्टोबर २०१५ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची वार्षिक बैठक भरली होती. श्रीमंत देशांची आर्थिक संघटना असलेल्या ओईसीडीने त्या वेळी एक अहवाल मांडला. विकसित देशांकडून विकसनशील देशांकडे हवामानविषयक कामांसाठी २०१३ मध्ये ५२.२ अब्ज डॉलर गेले आणि २०१४ मध्ये ६१.८ अब्ज, असं त्यात म्हटलं होतं. २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असं वचन या देशांनी दिलेलं होतं. म्हणजे सहा वर्षं हातात असताना निम्म्याहून अधिक मजल मारून झाली होती. पॅरिसची हवामान परिषद तोंडावर आलेली असताना भारताच्या अर्थ मंत्रालयाने या अहवालाला एका टिपणाने उत्तर दिलं. दोन वर्षांची ५७ अब्जांची सरासरी आम्हाला मान्य नाही, खास हवामानासाठी स्थापन झालेल्या सतरा निधींतून प्रत्यक्ष वाटली गेलेली रक्कम तेवढी खात्रीने सांगता येते आणि ती २.२ अब्ज डॉलर आहे, असा त्या टिपणाचा सांगावा होता. एकाच पैशाच्या दोन मोजण्यांत पंचवीस पटींचा फरक पडला होता आणि तरीही बेरीज कुणाचीच चुकलेली नव्हती. काय मोजायचं, कुठपासून मोजायचं आणि कुणी मोजायचं, हे १९९२ च्या हवामान करारापासून कधी ठरलंच नव्हतं. हवामानाच्या पैशाचं भांडण रकमेचं आहे असं आपण समजतो. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला तर ते मुळात मोजण्याच्या अधिकाराचं भांडण आहे, आणि हा अधिकार देणाऱ्याकडेच राहिल्यामुळे दिलेल्या वचनाची किंमत आजवर कुणालाच नीट सांगता आलेली नाही.

या कथेची मुळं हवामानाच्या चर्चेपेक्षा जुनी आहेत. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा गरीब देशांना द्यावा, ही कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून फिरत होती. डच अर्थतज्ज्ञ यान टिनबर्गन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या विकास नियोजन समितीत त्यासाठी आकडेमोड केली. कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या आयोगाने १९६९ मध्ये सरकारी मदतीसाठी ०.७ टक्के हे प्रमाण सुचवलं आणि २४ ऑक्टोबर १९७० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ते ठरावात घेतलं. स्वीडन, नेदरलँड्स, नॉर्वे, डेन्मार्क अशा मोजक्या देशांनी ते पाळून दाखवलं. अमेरिकेने ते कधी मान्यच केलं नाही, आणि साऱ्या देणगीदारांची सरासरी वर्षानुवर्षं त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळत राहिली. मात्र ०.७ टक्क्यांच्या अपयशाची चर्चा करताना एक गोष्ट मागे पडते. मदत म्हणजे काय, हे ठरवणारी समिती ओईसीडीत, म्हणजे देणाऱ्यांच्या मंडळात बसत होती. तिथे घेणाऱ्याला खुर्ची नव्हती. या समितीने १९७२ मध्ये नियम केला की, वर्षाला १० टक्के व्याजदर गृहीत धरून ज्या कर्जात किमान २५ टक्के सवलत निघेल, ते सगळं कर्ज मदतीत धरावं. त्या काळात हा दर ठीक होता. पुढे जगभरातले व्याजदर खाली आले आणि तोच दर कायम ठेवल्यामुळे बाजारातून स्वस्तात पैसे उचलून थोड्या चढ्या दराने दिलेलं कर्जही मदत म्हणून नोंदवता येऊ लागलं. याच समितीचे माजी अध्यक्ष रिचर्ड मॅनिंग यांनी २०१३ मध्ये या प्रथेवर जाहीरपणे बोट ठेवलं, तेव्हा कुठे नियम बदलण्याच्या हालचाली सुरू झाल्या. हवामानाच्या पैशाची नोंद पुढे ज्या यंत्रणेच्या हाती गेली, ती हीच.

पर्यावरणासाठीचा पैसा विकासाच्या पैशातून कापून देऊ नका, ही मागणीही तितकीच जुनी आहे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या फूने गावी तज्ज्ञांची बैठक झाली. पर्यावरणरक्षणाचा खर्च वेगळा आणि वाढीव मिळाला पाहिजे, हा मुद्दा विकसनशील देशांनी तेव्हापासून लावून धरला. तो पहिल्यांदा प्रत्यक्षात आला १९९० मध्ये, ओझोनच्या निमित्ताने. ओझोनचा थर विरळ करणारे वायू बंद करण्याच्या मॉन्ट्रियल करारात सामील व्हायला भारत आणि चीन तयार नव्हते. कारखाने बदलायचा खर्च कोण देणार, असा त्यांचा सरळ सवाल होता. जून १९९० च्या लंडन बैठकीत उत्तर मिळालं : सुरुवातीच्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा निधी, आणि भारत-चीन आले तर २४ कोटी. या निधीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कार्यकारी समितीत चौदा सदस्य, सात विकसित देशांचे आणि सात विकसनशील. मतदानाची वेळ आली तर दोन्ही गटांत स्वतंत्रपणे बहुमत हवं. कोणता खर्च ‘वाढीव’ धरायचा, याची यादी आधीच करून ठेवलेली : चालू कारखान्यात यंत्रं बदलणं, पेटंटचे पैसे, कामगारांचं प्रशिक्षण. देणारे आणि घेणारे एकाच टेबलावर बसून प्रकल्पागणिक हिशेब तपासत. भारत १९९२ मध्ये करारात आला. पण लंडनमध्येच, अमेरिकेच्या आग्रहाखातर, त्या कलमात एक वाक्य घातलं गेलं : ही व्यवस्था पर्यावरणाच्या अन्य प्रश्नांसाठीच्या भावी व्यवस्थांना बांधील करणार नाही. हवामानाचा करार समोर येऊन ठाकलेला होता आणि ओझोनचा नमुना तिथे चालवायचा नाही, हे आधीच ठरवून ठेवलं गेलं होतं.

हवामानाच्या कराराची बोलणी १९९१ मध्ये सुरू झाली, तेव्हाही मोजणीचा वाद पेटलेला होता. अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने हरितगृह वायू सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत, चीन आणि ब्राझील यांना बसवलं होतं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी तेच आकडे घेऊन नव्याने मांडणी केली. वायू शोषून घेण्याची पृथ्वीची क्षमता माणशी सारखी वाटली, तर भारताच्या वाट्याला अपराध उरतच नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. आधारसामग्री तीच होती, फक्त भागाकार वेगळा होता. भारतीय शिष्टमंडळाचे चंद्रशेखर दासगुप्ता यांनी वाटाघाटींत हीच भूमिका चिवटपणे लढवली. जून १९९२ मध्ये रिओत सह्या झालेल्या करारात विकसित देश ‘नवा आणि अतिरिक्त’ पैसा देतील, ठरलेला पूर्ण वाढीव खर्च भरतील, आणि विकसनशील देश किती काम करतील हे या पैशावर अवलंबून राहील, अशी कलमं आली. ती शब्दशः पाहिली तर दक्षिणेकडच्या देशांचा मोठाच विजय होता. परंतु नवा म्हणजे कोणत्या तारखेनंतरचा, अतिरिक्त म्हणजे कशाच्या वर, यावर करारात एक ओळही नाही. रिओतच मंजूर झालेल्या ‘अजेंडा २१’ मध्ये विकसनशील देशांना परदेशातून वर्षाला १२५ अब्ज डॉलर अनुदानाच्या वा सवलतीच्या स्वरूपात लागतील, असा अंदाज होता. हा पैसा कोणी, किती, केव्हा द्यायचा, हेही तिथे लिहिलेलं नव्हतं.

ही संदिग्धता ठेवली नसती तर करारच झाला नसता, असा आक्षेप इथे घेतला जातो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. दीडशेवर देशांना एका कागदावर सह्या करायला लावायच्या तर काही शब्द सैल ठेवावेच लागतात. ओझोनचं उदाहरण देणं सोपं आहे. तिथे वायू मोजके, कारखाने मोजके, पर्यायी रसायनं तयार, आणि ती बनवणाऱ्या कंपन्यांनाही बदल हवाच होता. कार्बनचा संबंध चुलीपासून पोलादापर्यंत सगळ्यांशी येतो. कोळशाऐवजी सौर वीज घेतली तर वाढीव खर्च किती, हे विचारायचं तर सौर प्रकल्प नसता तर काय झालं असतं, याचा अंदाज करावा लागतो, आणि अंदाजावर भांडण होणारच. हे सगळं मान्य. मात्र त्यातून एवढंच निष्पन्न होतं की, १९९२ मध्ये व्याख्या पूर्ण करणं अवघड होतं. ती पुढची तीस वर्षं अपुरी का राहिली, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. अवघड व्याख्यांसाठी माणसं समित्या नेमतात, तात्पुरती सूत्रं ठरवतात, ती चुकली की दुरुस्त करतात. मॉन्ट्रियलच्या निधीत नेमकं हेच घडलं, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या सह्यांशिवाय पैसा हलत नव्हता. हवामानात ती सक्ती नव्हती. अर्धवट व्याख्येमुळे ज्यांचं काही अडत नव्हतं, त्यांच्याच हाती ती पूर्ण करण्याचं काम होतं.

याचा पहिला पडताळा जर्मनीतल्या बॉन इथे दिलेल्या वचनात आला. जुलै २००१ मध्ये युरोपीय संघ, कॅनडा, नॉर्वे, स्वित्झर्लंड, न्यूझीलंड आणि आइसलंड यांनी २००५ पर्यंत वर्षाला ४१ कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं. रक्कम लहान होती, पण सरळ आकड्यात होती. ती मिळाली का? देणारे म्हणत मिळाली, कारण द्विपक्षीय मदत धरली की बेरीज पुरी होते. घेणारे म्हणत नाही, कारण त्यासाठी उघडलेल्या निधींत तेवढे पैसे दिसत नाहीत. निवाडा करायला कोणतंही सूत्र नसल्याने प्रश्न तसाच विरून गेला.

आठ वर्षांनी तोच प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला. २६ जून २००९ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी लंडनमधल्या भाषणात २०२० पर्यंत वर्षाला सुमारे १०० अब्ज डॉलर, असा आकडा चर्चेसाठी पुढे केला. सप्टेंबरमध्ये युरोपीय आयोगाने १०० अब्ज युरोंच्या गरजेचा हिशेब मांडला. आफ्रिकेच्या वतीने इथिओपियाचे मेलेस झेनावी तेवढ्याच रकमेवर राजी झाले. अखेर १७ डिसेंबरला, कोपनहेगनची परिषद मोडण्याच्या बेतात असताना, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी तिथे येऊन जाहीर केलं की, अमेरिका इतर देशांबरोबर वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याच्या प्रयत्नात सहभागी होईल, मात्र मोठ्या विकसनशील देशांनी आपल्या उत्सर्जनकपातीची पारदर्शक नोंद द्यायला हवी. दुसऱ्या दिवशी बराक ओबामा, मनमोहन सिंग, चीनचे वेन जियाबाओ, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे जेकब झुमा यांच्या बैठकीतून जो मसुदा निघाला, त्याच्या आठव्या कलमात हा पैसा ‘सार्वजनिक आणि खासगी, द्विपक्षीय आणि बहुपक्षीय, पर्यायी स्रोतांसह’ येईल असं लिहिलं होतं. हा आकडा हवेतून आला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यालाच वर्षाला ७५ ते १०० अब्ज डॉलर लागतील, असा जागतिक बँकेचा अंदाज त्याच वर्षी आला होता. पण त्या अंदाजात फक्त अनुकूलन होतं. कोपनहेगनच्या शंभर अब्जांत अनुकूलन, उत्सर्जनकपात, अनुदान, कर्ज, कंपन्यांची गुंतवणूक, सगळं एकत्र आलं. गरजेचा आकडा एका वस्तूचा आणि वचनाचा आकडा दुसऱ्याच वस्तूचा, असं असूनही दोन्ही शंभराच्या आसपास असल्यामुळे हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षातच आला नाही. ‘उभे करणे’ हे क्रियापदही महत्त्वाचं होतं. १९९२ च्या करारात विकसित देश पैसा देणार होते, आता ते तो उभा करणार होते.

मोजणीचा घोळ जाणकारांना तेव्हाही दिसत होता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी एक सल्लागार गट नेमला, त्याचा अहवाल झेनावी आणि नॉर्वेचे येन्स स्टोल्टनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न आणि मॉंटेकसिंग अहलुवालिया या गटाचे सदस्य होते. नोव्हेंबर २०१० मधल्या अहवालात या गटाने शंभर अब्ज उभे करणं कठीण पण शक्य आहे, असं म्हटलं. मात्र कर्ज आणि खासगी गुंतवणूक पूर्ण धरायची की परतफेड वजा करून, यावर गटातच एकमत झालं नाही. तिकडे २०१० ते २०१२ साठी कोपनहेगनमध्येच कबूल केलेल्या तातडीच्या ३० अब्जांची मोजणी सुरू झालेली होती. जपानने एकट्याने १५ अब्ज जाहीर केले, म्हणजे निम्मे. पण दोन वर्षं आधी, २००८ मध्ये, जपानने १० अब्जांची योजना जाहीर केलेली होती आणि तिच्यातलं बरंचसं या नव्या आकड्यात मिसळलेलं होतं. बहुतेक देशांनी आपल्या चालू मदतीच्या अंदाजपत्रकातूनच ही रक्कम दाखवली. ‘नवा आणि अतिरिक्त’ हे शब्द कोपनहेगनच्या कागदावरही होतेच.

इथून पुढे या इतिहासात विद्यापीठांतले संशोधक येतात आणि माझ्या मते त्यांचं काम हा या साऱ्या कथेतला सर्वांत उपेक्षित भाग आहे. ओईसीडीत मदतीच्या प्रत्येक प्रकल्पाला खूण लावण्याची पद्धत होती. हवामान हा प्रकल्पाचा मुख्य हेतू असेल तर दोन, महत्त्वाच्या हेतूंपैकी एक असेल तर एक, नसेल तर शून्य. उत्सर्जनकपातीसाठी ही खूण १९९८ पासून, अनुकूलनासाठी २००९ च्या अखेरीस ठरली. खूण कोण लावणार? देणगीदार देशातला अधिकारी. तपासणार कोण? कुणीच नाही. अ‍ॅक्सेल आणि काथारिना मिखाएलोवा यांनी हजारो प्रकल्पांची वर्णनं वाचून पाहिली आणि २०११ मध्ये दाखवून दिलं की, खूण आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ अनेकदा बसत नाही, आणि ही चूक निव्वळ हलगर्जीची नसून देणाऱ्या देशातल्या घरच्या राजकारणाशी तिचा संबंध लागतो. अमेरिकेच्या ब्राऊन विद्यापीठातले टिमन्स रॉबर्ट्स यांनी मदतीच्या प्रकल्पांचा मोठा संग्रह उभारण्याच्या कामात आधीच भाग घेतलेला होता. त्यांनी आणि बेल्जियमचे रोमँ वाइकमन्स यांनी सहकाऱ्यांसह २०१२ सालातले अनुकूलनाची खूण असलेले पाच हजारांहून अधिक प्रकल्प एकेक करून तपासले. हे काम दिसायला किती रुक्ष! एखाद्या रस्त्याच्या, शाळेच्या, बंधाऱ्याच्या चार ओळींच्या वर्णनात हवामानाचा धोका कुठे सांगितला आहे का, तो कमी करण्याचा हेतू लिहिला आहे का, आणि कामाचा त्या हेतूशी दुवा जुळतो का, असे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. पण याच रुक्ष कामातून, एरवी राजनैतिक तक्रार म्हणून झटकून टाकता आली असती अशी गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध झाली. ‘एक’ ची खूण असलेला प्रकल्प जपान पूर्ण रकमेने धरत असे आणि युरोपीय आयोग चाळीस टक्क्यांनी. म्हणजे एकसारखे दोन बंधारे कोणाच्या पैशाने बांधले यावर त्यांतलं ‘हवामान’ किती, हे ठरत होतं.

नोंदीत काय काय शिरलं, हे पत्रकारांनी पुढे उघड केलं. असोसिएटेड प्रेसने २०१४ आणि २०१५ मध्ये दाखवलं की इंडोनेशियातल्या, कर्नाटकातल्या कुडगीच्या आणि बांगलादेशातल्या मातारबारीच्या कोळसा वीज प्रकल्पांची कर्जं जपानने हवामानाच्या खात्यावर मांडली होती. रॉयटर्सने २०२३ मध्ये हैतीतल्या किनारी हॉटेलाच्या विस्ताराला अमेरिकेने दिलेलं कर्ज, आशियात चॉकलेट-आइस्क्रीमची दुकानं काढायला इटलीने दिलेलं साहाय्य आणि बेल्जियमने मदत केलेला एक चित्रपट अशा नोंदी शोधून काढल्या. जपानचं म्हणणं असं की, नवं कोळसा तंत्र जुन्यापेक्षा कमी धूर सोडतं, त्यामुळे बचत होते. हे म्हणणं तर्काला सोडून नाही. जुन्या भट्टीच्या जागी नवी आली तर प्रत्येक युनिटमागे कार्बन कमी सुटतो, हे खरंच आहे. पण हा प्रकल्प हवामानाचा आहे की नाही, हे जर नसलेल्या दुसऱ्या प्रकल्पाशी तुलना करून ठरवायचं असेल, तर ती तुलना कोणाशी करायची हे कर्ज देणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. मातारबारीत ते जपानने ठरवलं.

हॉटेल आणि दुकानांवर संतापायला सोपं जातं. रकमेच्या दृष्टीने मात्र मोठा प्रश्न कर्जाचा आहे, आणि तो महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. मराठवाडा आणि विदर्भातले शेतकरी ज्याला ‘पोकरा’ म्हणतात, तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जावर उभा राहिला. पंधरा जिल्ह्यांतली पाच हजारांहून अधिक गावं त्यात होती. शेततळी, ठिबक, जमिनीत ओल धरून ठेवण्याची कामं ही बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याचीच कामं आहेत, आणि ती व्हायला हवी होती. पण हे कर्ज आहे, व्याजासकट फेडायचं. याउलट सिंधुदुर्गाचा किनारा ज्यात येतो, त्या महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनारपट्टीसाठीच्या प्रकल्पाला हवामान कराराखाली स्थापन झालेल्या हरित हवामान निधीने त्याच वर्षी सुमारे ४.३ कोटी डॉलर दिले, तेही अनुदान म्हणून. ओईसीडीच्या मोजणीत परत न करायचा डॉलर आणि परत करायचा डॉलर सारखेच भरतात. शेतकऱ्याला बँकेने पाच लाखांचं पीककर्ज दिलं तर बँकेने त्याला पाच लाख दिले असं कुणी म्हणत नाही, व्याजात सूट दिली असेल तर तेवढीच मदत धरतात. विकासाच्या मदतीच्या हिशेबातही २०१८ च्या आकड्यांपासून ओईसीडीने हाच नियम लावला आणि कर्जातला सवलतीचा भाग तेवढा धरायला सुरुवात केली. शंभर अब्जांच्या मोजणीत मात्र कर्जाची दर्शनी रक्कमच धरली जात राहिली. ऑक्सफॅम या संस्थेने ओईसीडीने मोजलेल्या २०२० च्या ८३.३ अब्जांतून कर्जाचं हे फुगलेलं मोल आणि हवामानाशी दूरचा संबंध असलेला भाग वगळला, तेव्हा २१ ते २४.५ अब्ज उरले.

सौर प्रकल्पातून उत्पन्न येतं, मग त्याला अनुदान कशाला, असं बँकांचे अर्थतज्ज्ञ म्हणतात. बरोबर आहे. जिथे पैसा परत येतो तिथे कर्ज योग्यच, आणि अनुदानाचा तुटपुंजा पैसा समुद्राची भिंत, पूर-इशारा, खाजणाची जंगलं अशा न कमावणाऱ्या कामांसाठी राखावा. माझं म्हणणं कर्ज देऊ नये असं नाही, कर्जाला कर्ज म्हणून लिहावं एवढंच आहे. आणि हीच कसोटी भारताच्या २.२ अब्जांनाही लावायला हवी. त्या टिपणात फक्त खास निधींचा पैसा धरला होता. द्विपक्षीय अनुदानं, सवलतीच्या कर्जांतला खरा सवलतीचा भाग, हे सगळं बाहेर ठेवलं होतं. टिपणाने ओईसीडीच्या पद्धतीतले दोष नेमके दाखवले, पण त्यातला आकडा वस्तुस्थितीपेक्षा फार लहान होता. ओईसीडीचा फार मोठा होता. दोघांनीही आपल्या बाजूचा हिशेब लिहिला, आणि दोघांना मान्य होईल असा तिसरा हिशेब लिहायची जागाच करारात नव्हती.

याहून गंभीर आक्षेप असा की, गरीब देशात विकास आणि अनुकूलन वेगळे काढताच येत नाहीत. ज्या गावात पाणी आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, ते गाव दुष्काळाला जास्त तोंड देऊ शकतं. मग अतिरिक्त कसं मोजणार? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच प्रकल्प चिरून त्यातलं हवामान किती टक्के, हे शोधण्यापेक्षा देशाच्या एकूण मदतीची आधाररेषा ठरवणं अधिक प्रामाणिक ठरतं. मार्टिन श्टाडेलमान, रॉबर्ट्स आणि अ‍ॅक्सेल मिखाएलोवा यांनी २०११ मध्ये अशा आधाररेषांचे अनेक पर्याय तपासून मांडले होते : ०.७ टक्क्यांच्या वरचं ते अतिरिक्त, किंवा ठरावीक वर्षाच्या मदतीच्या वरचं ते अतिरिक्त, किंवा नव्या स्रोतातून आलेलं ते अतिरिक्त. प्रत्येकात खोट आहे, पण कोणताही एक पर्याय सगळ्यांनी मिळून स्वीकारला असता तरी चाललं असतं. ०.७ ची रेषा घेतली तर बहुतेक देशांचा अतिरिक्त पैसा शून्य निघतो, आणि ती न घेण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. पॅरिस करारानंतर २०१८ मध्ये पोलंडच्या काटोविस इथे नियमावली झाली, तेव्हा प्रत्येक देशाने आपली पद्धत आपणच ठरवावी आणि ती समजावून सांगावी, यावर समेट झाला. पारदर्शकता वाढली, पण मोजपट्टी सामाईक झाली नाही.

तरीही आकड्यामुळे पैसा वाढला ना, असं विचारता येईल. वाढला, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ओईसीडीच्याच मापाने २०२१ मध्ये ८९.६ अब्ज आणि २०२२ मध्ये ११५.९ अब्ज झाले. ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा का होईना, वचन पुरं झालं. एकच मापपट्टी वर्षानुवर्षं धरली तर तिच्यावरचा चढ खराच असतो. पण त्या ११५.९ अब्जांतल्या सार्वजनिक पैशांपैकी ६९ टक्के कर्ज होतं आणि अनुदान २८ टक्के. अनुकूलनाला एकूण ३२.४ अब्ज मिळाले. आकड्याच्या दडपणाने पैसा वाढतो तेव्हा तो ज्या वाटेने आकडा सर्वांत स्वस्तात भरतो त्या वाटेने वाढतो, आणि कर्ज हीच ती स्वस्त वाट होती. ज्या देशांना किनारा वाचवायचा आहे आणि ज्यांच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे, त्यांच्यापर्यंत या वाढीतला लहान भागच पोचतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू इथे शंभर अब्जांच्या जागी नवा आकडा ठरला : २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. स्टर्न, वेरा सोंगवे आणि अमर भट्टाचार्य यांच्या तज्ज्ञ गटाने बाहेरून येणाऱ्या पैशाची गरज २०३५ पर्यंत वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर सांगितली होती. तो आकडा मसुद्यात आला, पण सर्वांनी मिळून प्रयत्न करण्याचं आवाहन म्हणून. परिषदेच्या अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव मंजूर केल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उठून जाहीर विरोध नोंदवला आणि रक्कम क्षुल्लक असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्या रकमेभोवती फिरल्या. त्याच ठरावात मोजणीचं एक कलम होतं, त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. शंभर अब्जांच्या हिशेबात जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या कर्जांतला विकसित भागधारकांच्या वाट्याचा हिस्साच धरला जाई. बाकूत ठरलं की यापुढे या बँकांचा हवामानासाठीचा सगळा पैसा धरता येईल, त्यांचे भागधारक कोणीही असोत. चीन, ब्राझील, भारत हेही या बँकांचे भागधारक आहेत. जागतिक बँकेच्या मुख्य कर्जशाखेत भारताचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. पोकरासारखं कर्ज यापुढे महाराष्ट्राने घेतलं, तर त्यातला भारताच्याच भांडवलावर उभा असलेला अंशही तीनशे अब्जांच्या वचनपूर्तीत मोजता येईल, आणि मुद्दल-व्याज भारत फेडेल.